मुंजाची फटफटी आणि करडीचं तेल

चढणीखालच्या पिंपळाशी त्या सकाळी दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. मधोमध एक जुनी फटफटी उभी होती. तिच्या दिव्याला कुंकू फासलेलं, दांड्याला झेंडूचा हार आणि मागच्या सीटवर कोरं धोतर अंथरलेलं. जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला वर्ष झालं होतं, पण सरकारी वाहनाचा असा थाट अजून कुणी पाहिला नव्हता.

फटफटीशेजारी राधाकिशन थर्मास छातीशी धरून उभा होता. तो सोनपेठकडचा ढोरांचा डॉक्टर. थर्मासात बर्फ होता आणि बर्फात बुळकांडीची लस. रोग शेजारच्या शिवारापर्यंत आला होता. पहाटेच्या एस.टी.नं परभणीहून भुशात गुंडाळलेला बर्फ यायचा आणि तो विरघळायच्या आत चढणीपलीकडच्या टाकळवाडीत सुया टोचून व्हायला हव्या होत्या. बर्फ गेला की लस मेली.

फटफटी पलटणीच्या लिलावातली. सपाटीला बरी पळायची, पण चढण लागली की धूर ओकायची, दम टाकायची आणि नेमकी या पिंपळाशी येऊन बसायची. राधाकिशननं प्लग बदलला, हवेची जाळी धुतली, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली. काही उपयोग झाला नाही. मग अंगारे-धुपारे करणाऱ्या लिंबाजी महाराजांना साक्षात्कार झाला.

"बारा वर्साचा कवळा मुंजा हाय," महाराज गर्दीला समजावत होते. "सोडमुंज व्हायच्या आधी गेला. त्याला फटफटीचा लय शौक. डॉक्टर इथं आला की हा मागं बसतो. वजन न्हाई त्याला, पण भार लय हाय."

वजन नाही आणि भार आहे, हे ऐकून माणसं माना डोलवत होती. मग महाराजांनी फटफटीच्या धूर सोडणाऱ्या नळकांड्याच्या सांध्याखाली पांढरं फडकं धरलं. त्यावर काळे, चिकट थेंब पडले. "मुंजाचं रगत," महाराज म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावला.

विधी दोन तासांचा असे. आरती, अंगारा, मग तेलाचा अभिषेक. भक्तांनी आणलेल्या करडीच्या तेलातलं वाटीभर महाराज फटफटीच्या टाकीत ओतायचे, उरलेलं आपल्या डब्यात. थर्मासचं झाकण आरतीपासूनच उघडं ठेवलेलं, आणि शेवटी आत अंगाऱ्याची चिमूट. त्यानंतर फटफटी खरोखर चढण चढे आणि लोक पिंपळाला हात जोडत. टाकळवाडीत पोचेपर्यंत थर्मासात कोमट पाणी आणि राख उरलेली असे.

राधाकिशनचा मुंजावर काडीचा विश्वास नव्हता. पण टाकळवाडीचे पाटील व्यंकटराव यांनी बजावलं होतं, महाराजांनी मुंजा उतरवल्याशिवाय फटफटी गावात आणायची नाही. शिवाय या गाडीला पेट्रोलात थोडं तेल लागतंच. वीस मापांना एक माप. मग वाटीभर जास्त पडलं तर काय बिघडतं? असं म्हणत त्यानं दोन खेपा घालवल्या होत्या. ही तिसरी.

पिंपळापलीकडे धुरपदाबाई भज्यांची कढई मांडून बसली होती. ती टाकळवाडीचीच. मुंजाच्या कृपेनं तिची भजी झकास खपत होती. पण घरी तिचे दोन बैल दावणीला होते, आणि त्यांना अजून सुई लागली नव्हती.

आरती सुरू होणार तेवढ्यात ती तेलकट हात पुसत उठली. खाली वाकून तिनं नळकांड्याचा वास घेतला.

"डॉक्टर, ह्यो वास माझ्या कढईचा हाय," ती म्हणाली. "करडीचं तेल घडीघडी तापलं की कढईला असाच राळेवानी थर बसतो. खरवडून निघत न्हाई."

राधाकिशननंही वाकून वास घेतला. तिनं दुसरं विचारलं. मागल्या शुक्रवारी महाराज मानवतच्या बाजाराला गेले होते, तेव्हा ही गाडी कशी चढली?

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो लस न घेता मोकळाच चालला होता. फटफटी इथंच बसली. त्यानं सावलीत एक बिडी ओढली, इंजन निवलं, आणि गाडी आपोआप वर गेली. मंत्र नाही, अंगारा नाही. महाराजांच्या दोन तासांतही निवत होतं ते इंजनच.

"मावशी, चिमटा आणा," तो म्हणाला.

महाराजांनी डोळे वटारले. नळकांड्याला हात लावाल तर रक्ताची उलटी होईल, असं ते म्हणाले. राधाकिशननं पाना लावला आणि नळकांडं सोडवलं. उलटी कुणाला झाली नाही. त्यानं ते थेट गर्दीत पुढं उभ्या असलेल्या व्यंकटरावांच्या हाती दिलं. "पाटील, एका तोंडानं फुंका. दुसऱ्या तोंडानं वारं यायला पाहिजे."

पाटलांनी फुंकलं. गाल फुगले, मिशा थरथरल्या, डोळे बाहेर आले. पलीकडून वारं आलं नाही. अंगठा जावा त्या भोकात आगकाडीसुद्धा जाईना.

"धुराडं बुजल्यावर चूल कशी पेटंल?" धुरपदाबाई म्हणाली. "धूर जायला वाट न्हाई, तर फटफटी दम कुटून घेईल? आन् ह्ये बाबा वरून आणखी तेल पाजायलेत."

जुन्या गाडीचं नळकांडं आधीच काजळीनं अर्धं भरलेलं होतं. उरलेलं अभिषेकानं भरलं. न जळलेलं तेल काजळी घेऊन सांध्यातून गळत होतं, तेच मुंजाचं रक्त. धुरपदाबाईनं कढई उतरवली आणि नळकांडं चिमट्यानं चुलीत सारलं. ते लाल होईतो भाजलं, गजानं ठोकलं, तेव्हा काळ्या खपल्यांचा ढीग पडला. इंजनाच्या तोंडाशी जमलेली काजळी राधाकिशननं काडीनं खरवडली. टाकी रिकामी करून मोजून मापून पेट्रोल-तेल भरलं. थर्मासचं झाकण मात्र कुणाला उघडू दिलं नाही.

मागच्या सीटवर त्यानं पाटलांनाच बसवलं. चांगले सव्वादोन मण. फटफटी पिंपळ ओलांडून, न थांबता, माथ्यावर गेली.

"मुंजा धुराबरुबर गेला," महाराज खालून म्हणाले.

"गेला तर बरं झालं," धुरपदाबाई म्हणाली. "आता त्याच्या नावानं तेल मागू नका." आणि चूल विझवून ती गावची वाट चालू लागली. भजी खाणारी गर्दी उद्यापासून येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टाकळवाडीच्या पारासमोर थर्मास उघडला, तेव्हा आत बर्फ खळखळत होता. सुई भरता भरता राधाकिशन जमलेल्यांना म्हणाला, "गाडी अडली तर गाडीत बघा. बैल पडला तर बैलाकडं बघा. कशानं काय होतं, ते आधी विचारा. पहिले दोन थर्मास शेजारच्या शिवारातल्या वरच्या वस्तीसाठी होते. तिथं अकरा जनावरं गेली. महाराज खोटं बोलत होते. आणि ते खोटं आहे हे ठाऊक असून मी काय बिघडतं म्हणत उभा राहिलो."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत धुरपदाबाई आपले दोन्ही बैल घेऊन पुढं आली आणि तिनं पहिल्याची वेसण घट्ट धरली.

"टोचा," ती म्हणाली. "बर्फ हाय तवर टोचा."