तारेवरचं चव्वेचाळीस साल

भोक नेमकं मधोमध होतं. पोस्टकार्डावर जिथे माणसं मुद्द्याचं लिहितात तिथेच — तार आरपार गेलेली, आणि तारेबरोबर आजोबांचे, आईच्या वडिलांचे, दोनचार शब्दही. 'गोजरची प्रकृती' इथपर्यंत ठीक... मग भोक, भोवती गंजाची कड, आणि पलीकडे 'पाऊस बरा'. कोकिळेने कार्ड उजेडाला धरलं तर भोकातून तिला अंगणातला गोठा दिसला. काय माणसं तरी! पत्र जपायचं म्हणे, आणि जपायचं कसं, तर त्याच्या पोटात तार खुपसून! बाप, किसनराव, आलेलं प्रत्येक पत्र भिंतीवरच्या त्या वाकड्या तारेत टोचून ठेवी. खाली जुनं, वर नवं. आता बाप जाऊन वर्ष झालं होतं, उद्या सकाळच्या एस.टी.ने डोणगावचं हे घर बंद करून मायला मलकापूरला आपल्या घरी न्यायचं होतं, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली ही मास्तरीणबाई सामान बांधायचं सोडून तार उपसत बसली होती.

माय म्हणजे विमलबाई. जन्म दिला गोजरबाईने, वाढवलं विमलबाईने. हे कोकिळेला कळत्या वयापासून ठाऊक. गोजर दुसरबीडला माहेरी आजारपणात वारली, मग बापाने दुसरं लग्न केलं, दुसरीला मूलबाळ झालं नाही, तिने सगळी माया कोकिळेवर ओतली — अशी सरळ गोष्ट होती, ती तशीच राहिली असती. पण गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत दुसरबीडची मामी वरण वाढता वाढता म्हणाली, "तुही माय जित्ती होती बाई, तवाच आणली त्यानं दुसरी." आणि पुढच्या पानाकडे वळली. एवढं बोलून माणूस पुन्हा वरण कसं वाढू शकतो? त्या दिवसापासून कोकिळेला विमलबाईच्या हातचा घास गोड लागेना. आपली आई तिकडे तापाने फणफणलेली असताना ही बाई तिच्या चुलीपुढे येऊन बसली... आणि हिला मी माय म्हणते? हिलाच उद्या घरी न्यायची, डोळे दाखवायचे, शेवटपर्यंत सांभाळायची? न्यायला ना नाही. पण कोणाला नेतोय एवढं तरी कळू नये?

विचारून झालं होतं. विमलबाई ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. मोतीबिंदूमुळे बोटांनी चाचपून खडे काढत होती. तिचं उत्तर ठरलेलं. "मले काय आठवते बाई. मेलेल्यायचं काऊन उकरून राह्यली?"

मग उरली ही तार. आणि तारेवर काय, तर नुसता आनंदीआनंद! बारशी, साखरपुडे, अमक्याने बैल घेतला, तमकीला मुलगा झाला. मरणाचं एकही कार्ड नाही. कसं असेल? कोपरा फाटलेलं कार्ड आलं की ते दारात वाचायचं, दारातच फाडायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. तसलं पत्र घरात ठेवत नाहीत. म्हणजे या तारेचं ऐकायचं तर इतक्या वर्षांत या घराच्या गणगोतात कोणी मेलंच नाही. गोजरही नाही. ती फक्त पत्रांत यायची थांबली... धन्य रे बाबा तुमची रीत, कोकिळा पुटपुटली, आणि रागारागाने ट्रंकेतला फोटो बाहेर काढला.

लग्नाचा फोटो. मागे बापाच्या अक्षरात — माघ, सन १९४४. फेटा बांधलेला बाप, शेजारी भेदरलेली पोरगी विमल, आणि तिच्या गळ्यात, मण्यांच्या खाली, चांदीचा चपटा टाक. कोकिळेचा श्वास मोकळा झाला. टाक! मेलेल्या सवतीचा टाक दुसरेपणावर आलेली बायको गळ्यात घालते, तिला आधी कुंकू लावते, मग स्वतःला. म्हणजे माघात गोजर नव्हतीच. मामी खोटारडी, जिभेला हाड नाही मेलीच्या! तिला हसूही आलं. उगाच महिनाभर जीव खाल्ला आपण स्वतःचा, आणि बिचाऱ्या विमलबाईचाही.

हसत हसतच तिने पुढचं कार्ड ओढलं. शिक्का स्वच्छ होता. मे, तेच साल. उकंडराव आजोबांचं वळणदार अक्षर. 'गोजर आता उठून बसते. कोकिळेस पाहू म्हणते. घेऊन यावे.'

तिने ते दोनदा वाचलं. माघात जिचा टाक घडवला, ती वैशाखात उठून बसते?

फोटो घेऊन ती ओसरीवर आली. "माय, हा टाक कोणी घातला तुह्या गळ्यात?"

"तुह्या बापानं. लग्नातच."

"अन् गोजर जित्ती होती तवा."

डाळीतली बोटं थांबली. "हाव."

"तुले ठाऊक होतं?"

"काय ठाऊक राहीन? माह्या बापाले त्यानं सांगतलं, बायको वारली, एक लेकरू हाय. जिती सवत हाय म्हनलं असतं तर पोरगी देली असती का कोनी?" विमलबाईने सूप खाली ठेवलं. "रोज आंघोळ झाली का टाकाले कुकू लावो मी. मंग नागपंचमी झाली न् कार्ड आलं, कोपरा फाटेल. तुह्या बापानं वाचलं न् ओट्यावर बसला तो बसलाच. त्याच्यानं फाडनं होयेना. मीच फाडलं. तू कडेवर होती माह्या. म्या इचारलं, कोन गेलं? तर म्हने, गोजर." तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "जिले मेलेली समजून कुकू लावलं, तिच्या नावानं त्या दिवशी आंघोळ केली म्या."

"मंग बोलली काऊन नाही इतके वर्षं?" कोकिळेचा आवाज चढला.

"कोनाले बोलू? तुले? तू त्याच्यावर जीव टाकत होती."

कोकिळेला वाटलं, ओरडावं. पण कोणावर? महिनाभर जमवलेला राग या बाईसाठी होता, आणि ही तर आपल्यासारखीच फसलेली! आजोबांचं 'घेऊन यावे' बापाने वाचलं असणार, आणि ठेवून दिलं असणार. आई उठून बसली होती... वाट पाहत होती... आणि मी इथे, एका दिवसाच्या वाटेवर, विमलबाईच्या कडेवर खेळत होते...

"सकाळी मले नेतं, का आता इथंच ठेवतं?" विमलबाईने विचारलं. अगदी साधं, भाकरी टाकू का विचारावं तसं.

"चाल ना मुकाट्यानं! काहीच्या काही इचारते!" कोकिळा खेकसली.

खेकसली खरी, पण डोळ्यांपुढे बाप उभा होता. तो असता तर त्याला एकच विचारलं असतं — मला का नाही नेलंत? आणि तो नेहमीसारखा हसून 'कोकी' म्हणाला असता, डोक्यावर हात ठेवला असता, आणि आपण विरघळलो असतो. आजही. एवढं सगळं कळूनही. हे उमगलं तेव्हा तिला स्वतःचाच इतका संताप आला, की ती विमलबाईच्या शेजारी बसकण मारून डाळ निवडू लागली, आणि बराच वेळ खडे आणि दाणे एकाच बाजूला टाकत राहिली.