शंभर कोटी सात

टेलरकाम सोडलं तेव्हा त्याला वाटलं होतं, सुटलो एकदाचा. कसला सुटतोय! बायकोचा उजवा हात लुळा पडला आणि तिची वही याच्या गळ्यात आली.

बायको गणिताची शिक्षिका. घरात तोही तिला बाईच म्हणायचा. फार पूर्वी तिनं वर्गात शंभर कोटी सात ही संख्या लिहून सांगितलं होतं, की ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही. कशावरून, असं एका मुलीनं विचारलं. पुस्तकात आहे म्हणून, असं बाई म्हणाल्या आणि ते उत्तर त्यांना जन्मभर सलत राहिलं. निवृत्तीनंतर त्यांनी हातानं भागायला घेतलं. वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे साडेएकतीस हजारांच्या जरा पुढपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की पुरे, पण त्याही तीन हजार चारशे एक. भाच्यानं मोबाइलवर क्षणात उत्तर दाखवलं, तर म्हणाल्या, पुस्तकही हेच सांगत होतं.

पहिले दोन हजार भागाकार बाईंनी केले होते, पुढचे टेलरच्या वाट्याला आले. स्वयंपाक, औषधं, तिला कुशीवर वळवणं, मग वही. दर वेळी काहीतरी बाकी उरायचीच. शून्य येणार नाही हे ठाऊक असताना भागत बसणं म्हणजे शुद्ध पाणी घुसळणं. एके दिवशी पाठ इतकी भरून आली, की त्यानं भागाकार वरच्या ओळीवरून अंदाजानं लिहिला आणि बाकी मनाची ठोकून दिली. मग ती सवयच लागली.

शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा बाईंनी वही मागितली. डाव्या हातानं पानं उलटत, त्या ओळीओळीवरून बोट फिरवत गेल्या.

"विषमाला विषमानं भागलं ना, की भागाकार आणि बाकी यांतलं एक सम, एक विषम असावंच लागतं," त्या म्हणाल्या. "इथे दोनशे चौदा ठिकाणी तसं नाही. आणि या कसोटीत खोट्यांतले साधारण निम्मेच सापडतात. बाकीचे कुठले?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीचे त्यालाही ओळखता येत नव्हते. खोटी बाकी खऱ्या बाकीसारखीच दिसत होती.

"कधीपासून?"

"तुला दुसऱ्यांदा दवाखान्यातून आणलं, तेव्हापासून." डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं, ते तो आजवर बोलला नव्हता. आता मान खाली घालून बोलला. "महिना-दोन महिने म्हणाले. तुझ्या डोळ्यांदेखत पुरं व्हावं, एवढंच वाटलं गं."

बाईंनी त्या दवाखान्याच्या सुमाराचं पान शोधलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

"मग इथपासून. आणि घाई नको. मी नसले तरी चालेल, बाकी खरी लिहा."

त्यानं चष्मा पुसला, पुसतच राहिला, आणि पहिला भाग लावला.