भानुमतीचं बस्कर

मी भानुमतीचं बस्कर बोलतोय. शाळेत जमिनीवर बसायला लेकरं घरून नेतात ना, ते. जन्म माझा जबलपूरचा, लढाईच्या दुसऱ्या सालचा, म्हणजे १९४१चा. तिचे वडील बाबाराव कारखान्यात कामाला. तिथून तंबूच्या खाकी कापडाचे तुकडे घरी यायचे. त्यांचाच माझा देह. पोटात तिची आई नर्मदाबाई हिचं विटकं लुगडं.

एके सकाळी दवंडीवाला मोहल्ल्यात ओरडून गेला, छह से ग्यारह बरस के सारे लड़के मदरसे में, फीस माफ, न भेजोगे तो जुर्माना. नर्मदाबाई वऱ्हाडची. तिच्या कानानं 'लड़के'चं 'लेकरं' करून घेतलं. दुपारपर्यंत तिनं दोन बस्करं शिवली. एक सहा वर्षांच्या नीलकंठाला, एक सात वर्षांच्या भानुमतीला. त्या दिवशी भानुमतीनं मला जेवतानाही खाली ठेवलं नाही.

शाळेत नाव घातलं एकाचंच. कायदा मुलग्यांपुरता, असं मास्तर म्हणाले. मुलींची शाळा लांब, अन् तिथं सक्ती नाही. सक्ती नाही तिथं बाबाराव पोरीला काहून पाठवतील? मी फळीवर गेलो.

आता नीलकंठाचं ऐका. त्याला शाळा म्हणजे इंगळी. घरून रोज निघायचा, अन् मदनमहाल किल्ल्याच्या दगडांत लपून राहायचा. महिन्याभरात हाजिरीवाला दारात. लड़का कल नहीं आया तो कचहरी का कागज आएगा, म्हणाला. बाबारावांचे हात जोडलेले ते सुटेनात.

भानुमती पाटावर चढली, मला फळीवरून काढलं अन् हाजिरीवाल्यासमोर उभी राहिली.

"मी येते ना रोज. हे पाहा, माझं बस्कर."

तो हसला. "सुना? खुद ही कह रही है, बस कर."

बाबारावही हसले. साहेब हसला की हसावं लागते. नर्मदाबाई तेवढी हसली नाही.

"लेकरं म्हणले होते तुमी," ती म्हणाली. "हे मंग काय लेकरू नोहे?"

"बाई, कानून में लड़की नहीं लिखी."

दुसऱ्या दिवसापासून भानुमतीला काम लागलं. भावाचं मनगट धरून त्याला शाळेच्या दारात सोडायचं, सुटल्यावर आणायचं. त्याचं बस्कर त्यानं दगडांत कुठं हरवलेलं, म्हणून मला त्याला दिलं. चार वर्षं ती मला काखेत घेऊन दारापर्यंत आली. आत गेलो तो मी. बाराखडी झाली, पाढे झाले. माझ्यावर बसणारा डुलक्या काढायचा, ऐकायचो मीच.

लढाई संपली. नीलकंठ चौथी पास झाला, म्हणजे मीही झालो. भानुमतीनं अकरावं ओलांडलं. आता मी चुलीपुढे, तिच्याखाली, चारही कोपरे फाटलेला. सतराचा पाढा मला येतो, पण तिला सांगता येत नाही. ती भाकर थापते, मी मनातल्या मनात पाढे म्हणतो.

कायदा लिहिणाऱ्या बाप्यांनो, फाटक्याचं एवढं ऐका. पुन्हा लिहाल तेव्हा लेकरं लिहा. त्या शब्दात भानुमतीही बसते.