सवतीचा रंग

बंदुका दुरुस्त करणाऱ्या गफूर मिस्त्रींनी दुकानात रायफल खिडकीच्या उजेडात धरली, नळीवरून अंगठा फिरवत नेला आणि एका जागी थांबवला.

"सांबप्पा, बाकीचा गंज समजू शकतो मी. घामाचा हाय, हवेचा हाय. पण हे काय? तीन पट्टे, एकाखाली एक. कुणी बोटं ओढल्यावानी."

सांबप्पानं चटकन मागच्या बाकाकडं पाहिलं.

"पावसात भिजली असंल," तो घाईघाईनं म्हणाला.

"पाऊस काय रेघा मारून पडतो व्हय? काहीतरी ओलं लावून ठिवलंय हिला. एकदा न्हाई, दरसाल. त्याबगैर लोखंड इतकं खात न्हाई."

बाकावर बसलेली भागम्मा ऐकत होती. ती सांबप्पाची बायको. आज परभणीला ती हट्टानंच आली होती. "तुमी सवतीला नवी साडी घ्यायला जायलाव, आन् मी घरी बसू? रंग मी बी बगनार," असं म्हणत चुडाव्याच्या स्टेशनावर नवऱ्याच्या आधी गाडीत चढली होती. सवत म्हणजे ही रायफल, आणि साडी म्हणजे तिचा नवा रंग. दिवसभर नवऱ्याच्या खांद्यावर मिरवते, रात्री त्याच्या उशाशी कपाटात झोपते, तिला दुसरं काय म्हणायचं?

सांबप्पा पलटणीतून सुटून आला आणि पूर्णेला बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी म्हणून लागला. पेट्या आत-बाहेर होईपर्यंत हा उंच, जाड मिशांचा माणूस स्वतःच्या परवान्याची रायफल घेऊन दाराशी उभा. ऊन असो, थंडी असो, भिंतीला टेकायचं नाही. इतक्या वर्षांत त्यानं एकही गोळी झाडली नव्हती. गावातली टवाळ पोरं विचारत, "अप्पा, हिची शिट्टी तरी वाजती का?" सांबप्पा नुसता हसायचा. त्याच्या मते न झाडलेली गोळी हीच खरी नोकरी. एकदा पूर्णेच्या बाजारात एका झिंगलेल्या गड्यानं सरळ नळीलाच हात घातला. गाडीतली माणसं ओरडायला लागली, "घाला, घाला गोळी!" सांबप्पानं नळी तेवढी आभाळाकडं केली आणि म्हणाला, "घरी जा बाबा, लेकरं वाट बगायलेत." तो गडी तिथंच फतकल मारून रडायला लागला. अशा माणसाला भित्रा म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी उभं राहून दाखवावं!

आता त्या तीन पट्ट्यांचं. खंडेनवमीला घरोघर हत्यारं-अवजारं पुजतात. भागम्मा विळा पुजायची, शिलाई मशीन पुजायची, मोटरसायकल पुजायची आणि शेवटी सवत. लिंगायताच्या घरची रीत, म्हणून हळदीकुंकवाच्या जोडीला विभूती. तिचा गोळा पाण्यात उगाळायचा, तीन बोटं बुडवायची आणि नळीवर दाबून ओढायची. एकदा पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, पुसायचं नाही, असा तिच्या सासूचा दंडक होता. म्हणजे नवमीची आणि दसऱ्याची, अशा दोन रात्री ओली राख उघड्या लोखंडावर. पहिल्याच वर्षी सांबप्पानं गंज पाहिला. बोलायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "ही लावली म्हून तुमी रोज सांच्याला घरी येनार." झालं. त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. दरवर्षी दसरा झाला की गच्चीवर जाऊन, जुन्या बनियनला तेल लावून तो गुपचूप नळी घासायचा. गंज निघायचा, सोबत थोडा थोडा रंगही जायचा.

गेल्या महिन्यात कंपनीचे साहेब तपासणीला आले. नळी बघून म्हणाले, "गंजलेलं हत्यार घेऊन गाडीवर चढायचं नाही. नीट करून आणा, नाहीतर घरी बसा." घरी येऊन सांबप्पानं भागम्माला एवढंच सांगितलं होतं, की साहेबाला रंग पसंत नाही.

आणि आता मिस्त्रींनी सगळं उघडं केलं. भागम्मानं उजवा हात हळूच पदराखाली घेतला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "इभूतीनं गंज चढतो का?"

गफूर मिस्त्री जन्मभर परभणीत काढलेला माणूस. काय घडलंय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि आपली जीभ चावावी असं त्यांना झालं. "सुकीनं न्हाई चढत, वैनी. ओली ऱ्हायली तरच..."

ती नवऱ्याकडं वळली. "तुमाला ठाव व्हतं?"

सांबप्पानं मान डोलावली.

"कवापासून?"

"पैल्या सालापासून."

"आन् तरी दरसाल लावू दिली?"

"तू लावतीस म्हून मी घरी येतो, असं तूच म्हनलीस," सांबप्पा खाली मान घालून म्हणाला. "मंग मी कसं सांगू? आन् येतच व्हतो की रोज."

मिस्त्रींनी उगाच एक कानस इकडची तिकडं ठेवली. मग तारेत ओवलेल्या, रंगाच्या नमुन्याच्या पत्र्याच्या चकत्या काढून समोर टाकल्या. "झालं ते झालं. हे कोटिंग भट्टीत भाजून बसवतो मी. याला पानी लागत न्हाई, घाम लागत न्हाई. वैनी, तुमी खुशाल ओली इभूती लावा, गंजाची फिकर नको. फकस्त रंग सांगा. खाकी हाय, हिरवा हाय, राखाडी हाय, काळा हाय."

"काळा," सांबप्पा लगेच म्हणाला.

"काळा नका घेऊ. परभणीचं ऊन हाय हे! चैत-वैशाखात नळी तव्यावानी तापंल. सारे गार्ड खाकी न्हाई तर राखाडी घ्यायलेत."

"तापू द्या. काळाच."

"पण कामून?"

"काळ्यावर इभूती उठून दिसती," तो पुटपुटला.

चकत्या उचलून भागम्मा दुकानाच्या पायरीवर गेली. भादव्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. साड्यांच्या दुकानात ती पोत बघते, तशी एकेक चकती तिनं उलटीपालटी केली आणि सगळ्या पायरीवर उन्हात मांडल्या. थोड्या वेळानं तिनं एकेकीवर बोट टेकवलं. काळ्यावरचं बोट तिनं चटकन मागं घेतलं.

"राखाडी," आत येऊन ती म्हणाली.

"अगं, पण..."

"तुमचा हात दिवसभर हिच्यावर असतो. मी वर्सातून एक डाव तीन बोटं लावनार, आन् त्याच्यापायी तुमी रोज तळहात भाजून घेनार? ह्यो कुठला न्याय?" तिनं चकती मिस्त्रींपुढं ठेवली. "आन् रंग राखंचाच हाय. इभूती बारा महिने लावलेलीच ऱ्हाईल. आता मी न्हाई हात लावनार हिला. माझ्याच हातानं सडली ती."

"मिस्त्री म्हनायलेत की, आता गंजत न्हाई म्हून."

"मिस्त्रींचं लोखंड न्हाई गंजत. माझं मन व्हईना."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मिरखेल गेलं, पूर्णा गेलं, तरी उजवा हात पदराखालीच. बायको रागावली असती तर सांबप्पाला समजूत घालता आली असती. पण तिला वाईट वाटलं होतं, आणि त्यावर त्याच्यापाशी काही इलाज नव्हता.

रायफल राखाडी होऊन आली. साहेबांनी पाहिली, नोकरी राहिली.

खंडेनवमीच्या संध्याकाळी भागम्मानं विभूती उगाळली. विळा झाला, शिलाई मशीन झालं, अंगणातली मोटरसायकल झाली. पाटावर रायफल ठेवलेली होती. तिच्यापुढं येऊन भागम्मा बसली. एक झेंडूचं फूल तिनं रायफलीच्या लाकडी दस्त्यावर अलगद ठेवलं, तेही पाणी झटकून. तळहातावर ओली राख तशीच होती.

"लाव की," सांबप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती. आयुष्यात त्यानं साहेबाला केली नसेल एवढी.

तिनं मान हलवली. पदराला हात पुसायला गेली आणि थांबली.

"टोपी काढा."

त्यानं टोपी काढली. अंघोळीनंतरची विभूती तो रोज स्वतःच लावायचा, तिनं ती कधी लावली नव्हती. आज तिनं तीन बोटं त्याच्या कपाळावर टेकवली आणि नळीवर ओढायची तशीच, दाबून, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत ओढली.

"दसरा व्हईपतोर पुसायची न्हाई," ती म्हणाली.

राख जरा जास्तच ओली होती. एक ओघळ भुवईतून खाली उतरला, नाकावरून मिशीत आला. सांबप्पा ताठ बसून राहिला. त्यानं हात वर नेला नाही.