भिंगरीचा डावा कान

मी एक जुना डस्टर आहे, मित्रांनो. माझी पाठ लाकडाची आणि पोट मऊ लोकरीचं. सुताराने मला घडवलं तेव्हा माझ्या कडा घासून घासून गोल केल्या. "पोरांच्या हातात जाणार, टोचायला नको," असं तो म्हणाला होता. बिचाऱ्याला काय ठाऊक, मी कोणाच्या हाती लागणार ते!

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. मुलं मला खिडकीबाहेर आपटून खडूची धूळ उडवायची आणि शिंकायची. फळा पुसण्याच्या पाळीवरून भांडणं व्हायची, तेव्हा मी फुशारून जायचो.

मग ती परीक्षा आली. कितीतरी देशांतल्या मुलांना सारखेच प्रश्न देऊन कोणाला किती येतं ते ताडून पाहणार होते. त्यासाठी निवडलेल्या वर्गांत आमचाही वर्ग होता. सरांचं डोकंच फिरलं. "देशाचं नाक कापाल, गाढवांनो!" असं ओरडत ते मला मुलांच्या बोटांवर आपटायचे. गणित चुकलं की मी, पाढा अडला की मी. एकदा माझ्या कडेला रक्त लागलं. ज्याचं होतं त्यालाच सरांनी ते पुसायला लावलं.

वर्गात हुशार अशी एकच मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. सरांनी तिला मधोमध बसवलं आणि बाकीच्यांना दम भरला, "ही लिहील तेच उतरवायचं. जरा इकडचं तिकडे झालं तर सालटी काढीन!"

परीक्षेला जोडून मुलांना शाळेबद्दलही काही विचारतात. आदल्या दिवशी सरांनी त्याचीही तालीम घेतली. "शाळेत तुम्हाला सुरक्षित वाटतं का?"

"हो, सर!" अख्खा वर्ग ओरडला. भिंगरी गप्प.

"काय गं, मूग गिळलेस का?"

"नाही वाटत, सर. तुम्ही मारता ना."

सरांनी मला फेकलं. मित्रांनो, फेकलेल्या वस्तूला मागे वळता येत नाही. मी तिच्या डाव्या कानावर आदळलो. ती बाकावरून कोसळली, तरी सर दंड धरून तिला गदागदा हलवत होते. "म्हण हो! म्हण!" कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं, तेव्हा ती "हो" म्हणाली. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायला बाहेरून एक बाई आल्या. सरांना दाराबाहेर थांबावं लागलं. भिंगरी कानात कापूस घालून आली होती. बाई बोलल्या की ती उजवा कान पुढे करायची. तो प्रश्न आला आणि तिने "नाही"वर खूण केली. बाईंची पाठ फिरताच शेजारणीने तेच उतरवलं, मागच्याने शेजारणीचं पाहिलं, आणि असं करत सगळ्या वर्गाने "नाही" म्हटलं. सरांनी कॉपी अगदी पक्की शिकवली होती.

कागद गोळा करताना बाई थबकल्या. "बाळ, कानाला काय झालं गं?"

एकेक करत सगळ्या मुलांनी माना वळवल्या आणि टेबलावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

बाईंनी मला उचललं, कडेवरचा भिंगरीच्या रक्ताचा डाग पाहिला आणि दार उघडून सरांना आत बोलावलं.

सर पुन्हा कोणत्याच वर्गावर दिसले नाहीत. देशाचा नंबर कितवा लागला, ते मला कोणी सांगितलं नाही. भिंगरीला मात्र डाव्या बाजूने हाक मारली तर अजून ऐकू येत नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी शिक्षक होईल. मला हातात घ्याल, तेव्हा माझं तोंड फळ्याकडे असू द्या.