बिनक्लचची गाडी

आमच्या खानदानात माणिकदादाने चालवून पाहिल्याशिवाय जुनी गाडी कुणी घेत नाही. तो माझा थोरला भाऊ. गाडी पाहायला जायचं ठरलं की आधी त्याचा मुहूर्त विचारायचा. तो बॉनेट उघडणार, ऑइलचं झाकण काढून वास घेणार, टायरला लाथ मारणार, मग एकटाच स्टेअरिंगवर बसून गाडी फिरवून आणणार आणि एका शब्दात निकाल देणार. "घ्या" म्हटलं की घ्यायची, "नको" म्हटलं की चहा पिऊन घरी यायचं. त्याने "घ्या" म्हटलेल्या गाड्यांपैकी एकीत आमच्या मामेभावाच्या कोंबड्या अंडी घालतात, पण हे त्याच्यासमोर कुणी काढत नाही. मी काढते.

मी वेदश्री. वर्ध्याला राहते आणि हायवेवरच्या जाम गावाहून आत एका खेड्यातल्या शाळेत दहावीला गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडले आणि डावा घोटा असा मोडला, की डॉक्टरांनी आत पट्टी-स्क्रू घालून तो कायमचा ताठ करून टाकला. चालता येतं, उभं राहून तास घेता येतो, पण घोटा वाकत नाही. एसटीची पायरी चढणं म्हणजे कसरत. घरची गाडी चालवणं तर बंदच, कारण क्लच दाबायला डावा पायच लागतो. गेलं वर्षभर कधी नवऱ्याने सोडलं, कधी दादाने, कधी जामपर्यंत बस आणि पुढे ज्याला दया येईल त्याची मोटारसायकल. शाळेत पहिला तास सुरू झालेला असायचा आणि मी अजून जामच्या चौकात उभी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा. तुमच्याच जिवाला आराम." चांगल्या मनाने म्हणाले, म्हणून जास्त झोंबलं. शाळा उघडायच्या आत काय ते सांगते, असं म्हणून मी घरी आले आणि खोलीचं दार लावून रडले.

मग ऑटोमॅटिक गाडीचं डोक्यात घेतलं. पूर्वी आमच्या शाळेत असलेल्या रोशनी मॅडमकडे तशी गाडी होती. तिने मला सुट्टीत कॉलनीच्या मैदानावर शिकवली. एकच गोष्ट तिने बजावली, की डावा पाय मागे ओढून सीटजवळ ठेवायचा आणि विसरून जायचा. गिअर गाडी आपणच बदलते. रेस आणि ब्रेक दोन्ही उजव्या पायाने. माझा डावा पाय तसाही कामावरून काढलेलाच होता, त्यामुळे मला काही जड गेलं नाही. थोड्याच दिवसांत मी मैदानाला चकरा मारत होते आणि रोशनी झाडाखाली बसून मोबाइल पाहत होती.

नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती, तेव्हा जुनीच घ्यायची होती. मी विचारून, वाचून ठरवलं होतं की गाडी लहान हवी, कारण शाळेच्या गल्लीत समोरून बैलबंडी आली तर मागे घेता आली पाहिजे. फार चाललेली नको. आणि गचके देणारी तर मुळीच नको, कारण काही ऑटोमॅटिक गाड्या गिअर बदलताना गचके देतात म्हणे. हे सगळं मी दादालाही सांगितलं. तिथेच घोटाळा झाला.

पहिली गाडी हिंगणघाटला पाहिली, पांढरी. या वेळी दादाने मला आणि माझ्या नवऱ्याला, अच्युतला, मागच्या सीटवर बसू दिलं. चौकापर्यंत गेलो नि आलो, तेवढ्यात अच्युतचं कपाळ पुढच्या सीटवर दोनदा आपटलं. "गचके देते. नको," दादाने निकाल दिला. दुसरी पुलगावला. ती तर वळणावर अशी थांबली की माझा चष्मा मांडीवर पडला. "नको."

परत येताना दादाने सगळ्या जातीचाच निकाल लावला. "ऑटोमॅटिक मंजे खेळणं हाय, वेदे. तू काऊन डोकं लावून राह्यली? मी सोडून देत जाईन ना तुले रोज. तुहा भाऊ मेला का?"

"मी काय पार्सल हावो का, कुणीबी नेऊन टाकाले?" मी म्हटलं. तो मनाने वाईट नाही हे मला ठाऊक आहे. मला गाडी चालवायलाही त्यानेच शिकवली होती. पण त्या दिवशी त्याचा फार राग आला. अच्युत आमच्या भांडणात न पडता कपाळ चोळत होता.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले तेव्हा तिसरी गाडी कळली. सावंगीला महादेवराव म्हणून निवृत्त प्राध्यापक राहतात. ते कायमचे मुलीकडे पुण्याला निघाले होते. त्यांची गाडी लहानशी, विटकरी रंगाची, भाजी आणायला आणि दवाखान्यात जायला वापरलेली. मला पाहताच आवडली. मागे बसताना माझा पाय अवघडतो हे पाहून महादेवराव म्हणाले, "ताई, तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो." तेवढ्यामुळे गाडी पाहताना मी पहिल्यांदाच दादाच्या शेजारी बसले.

गाडी निघाली. पुढे गतिरोधक आला. दादाने उजवा पाय उचलला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा डावा पाय क्लच शोधत उठला. क्लच होता कुठे? तिथे होता रुंद ब्रेक. त्याच्यावर तो पाय असा धाडकन पडला की गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि मागचा ऑटोवाला शिव्या घालत बाजूने निघून गेला. कोपऱ्यावर पुन्हा तेच. या वेळी मी रस्त्याकडे पाहतच नव्हते, त्याच्या चपलेकडे पाहत होते.

"पाह्यलं?" दादा मागे वळून म्हणाला. "हेबी तशीच. गचके देते. नको."

"अहो, आमच्या हातात कधी असं केलं नाही हो तिनं," महादेवराव म्हणाले. बिचारे इतके खजील झाले होते, जणू घरच्या मुलीला कुणी नापास केलं. अच्युतने तर "नको" ऐकून नेहमीप्रमाणे चहाच्या टपरीसाठी इकडेतिकडे बघायला सुरुवात केली होती.

मला हसू फुटत होतं आणि संतापही येत होता. दोन चांगल्या गाड्या माझ्या हातून गेल्या होत्या, आणि नोकरीही जाणार होती, ती एका माणसाच्या पायापायी.

"दादा, खाली उतर."

"काऊन?"

"मी चालवून पाह्यते."

"तू? तुहा पाय कसा हाय, पाह्य तरी."

"गचके गाडी नाई देऊन राह्यली. तुहा डावा पाय देऊन राह्यला. उतर अन् मांगं बस म्हणते ना."

आमच्या घरात दादाला असं कुणी बोललेलं नव्हतं. तो उतरला. महादेवरावांनी मागे सरकून त्याला जागा दिली.

मी सीट पुढे घेतली, ताठ पाय मागे ओढून ठेवला आणि गाडी काढली. गतिरोधक आला, गाडी लोण्यासारखी वर चढून खाली उतरली. कोपरा आला, वळली. मी कॉलनीत परत न वळता सरळ वर्ध्याच्या रस्त्याला लागले. रेल्वेच्या उड्डाणपुलावर ऐन चढाला सिमेंटचा ट्रक थांबला. माझ्या मागे एसटी, इतकी जवळ की आरशात तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं. ट्रक हलला. मी ब्रेक सोडला, रेस दिली, आणि गाडी इंचभरही मागे न सरकता वर निघाली. पुलाच्या माथ्यावर मी चक्क ओरडले. पोरासोरांसारखी ओरडले. दोन वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता.

उतार लागल्यावर दादाने मागून हळूच विचारलं, "वेदे, हिंगणघाटचीबी चांगलीच होती का वं?"

"होती."

"अन् पुलगावची?"

"तेबी."

"बाप्पा!" तो म्हणाला, आणि स्वतःच असा हसत सुटला की अच्युत आणि महादेवरावही हसायला लागले.

परत येऊन महादेवरावांच्या घरासमोर उतरल्यावर त्यांनी सवयीने पुरुषमाणसालाच विचारलं, "मग माणिकराव, काय ठरलं?" अच्युतही दादाच्या तोंडाकडे पाहू लागला.

"मले काऊन विचारता?" दादा म्हणाला. "गाडी तिनं पाह्यली. तिले विचारा."

"घेतली," मी म्हटलं, आणि तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावून सांगितलं की निवृत्ती नको, मला दहावीचा पहिलाच तास द्या.

शाळा उघडली त्या दिवशी मी इतक्या लवकर पोचले की फाटकाला कुलूप होतं. मी हॉर्न वाजवला. चिंधू शिपाई किल्ल्या सावरत आला, कुलूप काढलं आणि कौतुकाने गाडीभोवती फिरला.

"मस्त हाय मॅडम. आज कोन सोडून देल्लं?"

त्याने वाकून आत पाहिलं. आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"कोनी नाई," मी म्हटलं, आणि गाडी आत घेतली.