खिडकीपुढचा आरसा

जगात सगळीकडे थोरलीचे कपडे धाकटीला जातात. या दोघी बहिणींच्या घरी सगळं उलटं झालं. धाकटी दहाव्या वर्षापासूनच ताडमाड वाढत सुटली आणि थोरली उंचीने जिथे होती तिथेच राहून आडवी भरत गेली. त्यामुळे नवं यायचं ते धाकटीला. तिला ते आखूड झालं की आई म्हणायची, "ताईला दे. ती घेईल सैल करून."

ताई घ्यायची सैल करून. आरशापुढे गिरक्या घेणाऱ्या धाकटीकडे वर्षभर बघत बसायचं, आणि मग तोच फ्रॉक मांडीवर घेऊन त्याची शिवण उसवायची. असं करता करता कुणी न शिकवता तिच्या हातात शिवण आली. आता पन्नाशीला टेकताना तिचं पोट त्याच हातावर होतं. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, दारावर पाटी: कपडे दुरुस्त करून मिळतील. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, अंगाने भरलेल्या माणसांचे कोट त्यांना न लाजवता सैल करायचे.

शिवण आली, तसं आणखी एक आलं. धाकटीचं नाव निघालं की पोटात कुठेतरी बारीक सुई टोचायची. ती सुई थोरलीला इतकी सवयीची झाली होती, की एखादा दिवस टोचली नाही तर तब्येत बरी नाही की काय असं वाटावं.

लेक मावशीकडून आली आणि चपला न काढताच बोलली, तेव्हा ती सुई चांगली नेढ्यापर्यंत आत गेली.

"आई, परीक्षा होईपर्यंत मी मावशीकडे राहू का?"

थोरलीच्या तोंडात टाचण्या होत्या. कुणाच्या तरी स्कर्टची दुमड घालायची होती. तिने नुसत्या भुवया वर केल्या.

"तिच्याकडे टेबल आहे," लेक म्हणाली.

टाचण्या एकेक करून उशीत गेल्या. "आपल्याकडे नाही?"

"आहे. पण मी ते शाळेत असताना शेवटचं पाहिलं. त्यावर काय काय आहे ते तुलाही माहीत नसेल. मावशीच्या टेबलावर काहीच नसतं."

"रिकाम्या टेबलाचं एवढं काय कौतुक?"

"मावशी म्हणते, डोळ्यांपुढे पसारा असला की डोक्यातही पसारा होतो."

"मावशीला काय जातंय म्हणायला. तिच्या घरात ना मशीन, ना..." मूल, हा पुढचा शब्द ओठांपर्यंत आला होता. थोरलीने एक टाचणी परत तोंडात धरली आणि तो आत अडवला. एवढी काही ती वाईट नव्हती. मग म्हणाली, "आतली खोली तुझीच तर आहे."

"आई, आतल्या खोलीचं दार निम्मं उघडतं. मी आडवी होऊन आत जाते. तू तर जातच नाहीस."

हे आडव्या अंगाला लागलं, पण लेकीने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. धाकटीचं घर थोरलीच्या डोळ्यांपुढे आलं. पांढऱ्या भिंती, फडताळात एकच वाडगा, तोही रिकामा. चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई, दुकानासारखंच लख्ख घर. आणि त्या लख्ख टेबलाशी आपली लेक, आणि तिच्या शेजारी कॉफीचा कप ठेवणारी ती लांबसडक बोटं. परीक्षेपर्यंत म्हणून गेलेली पोर नंतर कशाला परत येते? आडवी होऊन दारातून शिरायला?

"रविवारपर्यंत थांब," थोरली म्हणाली. "खोली मोकळी करून देते. नाही झाली तर जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"बोलशील," लेक म्हणाली आणि चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी लेक बाहेर पडल्याबरोबर थोरलीने पदर, म्हणजे खरं तर ॲप्रन, खोचला. धाकटी नेहमी सांगायची, ताई, एका वेळी एकच खण आवरायचा. म्हणून थोरलीने ठरवलं, की सगळं एकदम. जे धाकटी सांगते त्याच्या नेमकं उलट करून तिच्यापेक्षा लवकर मोकळं व्हायचं. माळ्यावरचं खाली, खाटेखालचं बाहेर, टेबलावरचं जमिनीवर. दुपार होईतो आतल्या खोलीतलं सगळं पॅसेजमध्ये आलं, पॅसेज भरला, स्वयंपाकघर भरलं, आणि खोली मात्र होती तशीच दिसत होती. सामानाला पिल्लं होत असावीत.

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटेची फेरी उरकून तो जेवायला आला आणि उंबऱ्यातच थांबला. "अगं, आपण घर सोडतोय की घर आपल्याला सोडतंय?"

"हसा तुम्ही."

"हसत नाही. पाय कुठे ठेवू ते विचारतोय." शेवटी तो दारातच उभ्याउभ्या पाव खाऊन परत गेला.

थोरली एका सुटकेसवर बसली. कुठून सुरुवात करावी कळेना. एक गोष्ट उचलायची, तिच्याखालची दिसायची, तीच खाली ठेवून दुसरी उचलायची. छातीत धडधडायला लागलं. रडू आलं असतं, पण रडायला बसायलाही जागा करावी लागली असती. आणि संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता. तिने निदान तेवढं तरी करू म्हणून कोट मांडीवर घेतला, बारीक कात्री हातात घेतली आणि बगलेची शिवण उसवायला लागली.

उसवताना ती कधी ओढत नसे. ओढलं की कापड फाटतं. एक टाका कापायचा, थोडे सोडायचे, पुन्हा एक कापायचा, आणि मग उलट बाजूने दोरा धरला की तो आपणहून सुटत येतो. कोटाकडे बघायचंच नाही. सबंध कोटाकडे बघितलं की हात गारठतात. पुढचा टाका तेवढा बघायचा. बगल सुटली आणि थोरलीच्या लक्षात आलं, की छातीतली धडधड थांबली आहे.

तिने कोट बाजूला ठेवला आणि मान न वळवता, हाताला लागली ती पहिली वस्तू उचलली. उभा दिवा होता, पिवळ्या छत्रीचा. हा कुणाचा? धाकटीचा. तिच्या सोफ्याशेजारी असायचा. तो लावला की धाकटीचा चेहरा कसा मऊ दिसायचा. "ताई, तूच ठेव गं. तुझ्याकडे जागा आहे," असं म्हणून तिने तो दिला होता आणि थोरलीने बसमधून मांडीवर घेऊन आणला होता. आणल्यावर लावलाही होता एकदा. त्यात थोरलीचा चेहरा मऊ दिसला नव्हता, नुसता पिवळा दिसला होता.

दुसरी वस्तू, चाकांचे बूट. धाकटीचे. थोरलीच्या पायाला दोन बोटं मोठे. तिसरी, निळ्या काठाचे काचेचे पेले, अजून कागदात गुंडाळलेले. धाकटीचे. पडदे, धाकटीचे. विटांएवढ्या जाड पुस्तकांचा गठ्ठा, धाकटीच्या नवऱ्याचा, तो गेल्यावर तिने दिलेला. फिरणारी खुर्ची. सुटकेससुद्धा, जिच्यावर ती बसली होती ती.

थोरली उठून उभी राहिली. आतून एक गरम, गोड लाट आली. म्हणजे असं आहे तर. चकाचक घर म्हणे. एका वेळी एक खण म्हणे. खण रिकामा करायचा तो ताईच्या घरात. माझ्या पोरीला माझ्या घरात बसायला जागा नाही, कारण माझ्या घरात तुझं घर ठेवलंय. इतक्या वर्षांच्या जळण्याला असा पुरावा कुणाला मिळतो? तिला नाचावंसं वाटलं, पण जागा नव्हती.

शेवटी राहिला तो आतल्या खोलीत भिंतीला टेकवलेला उंच आरसा. तोही धाकटीचाच, लहानपणीचा, गिरक्यांचा. आई गेल्यावर धाकटी म्हणाली होती, मला नको, तू ने. आणि थोरलीने दोन माणसं लावून तो आणवला होता. तिने तो दोन्ही हातांनी धरून बाजूला सरकवला आणि डोळे बारीक केले. आरशामागे खिडकी होती. तिलाच आठवण राहिली नव्हती. समोरच्या घराच्या भिंतीवरून ऊन परतून आलं आणि मोकळ्या टेबलावर आडवं पडलं.

त्या उजेडात मात्र तिला एक नको ते दिसलं. धाकटीने दिलं, हे खरं. पण थोरलीने घेतलं. एकदाही नको म्हटलं नाही. यातल्या एकेका वस्तूवर तिची आधी नजर गेली होती, मग सुई टोचली होती, आणि मग ती वस्तू घरी आली होती. आणि घरी येऊनही एकही तिची झाली नव्हती. फ्रॉक निदान सैल तरी करता यायचे.

ती पुन्हा खाली बसली आणि कोटाची बाही पुरी केली. पण सामान परत द्यायचं, हे ठरलंच.

रविवारी बेकरीच्या गाडीत पावांच्या जागी धाकटीचं सामान भरलं. लेक सकाळपासून तिकडेच अभ्यासाला गेली होती, हे तर बरंच झालं. बघू दे तिलाही. नवरा गाडी चालवताना म्हणाला, "भांडायला चाललोय का आपण?"

"सामान द्यायला."

"म्हणजे भांडायलाच."

धाकटीने दार उघडलं. एकेक खोकं आत येत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. नवरा खोकी ठेवून "मी गाडीत थांबतो" म्हणून शहाण्यासारखा सटकला. लेक टेबलाशी पेन धरून तशीच बसली होती.

"हे काय, ताई?"

"तुझं आहे. माझ्याकडे राहिलं होतं."

"मी तुला दिलं होतं."

"दिलं होतंस की टाकलं होतंस?" थोरलीने हे वाक्य गाडीत बसून घोटलं होतं. "लोकांना पसारा आवरायला शिकवतेस ना? घे, आवर."

धाकटी उत्तर देईल, वाद होईल, लेक बघेल, असं सगळं थोरलीच्या मनात मांडून झालं होतं. पण धाकटी आपल्या लांब तंगड्या दुमडून जमिनीवर बसली. तिने एक पेला कागदातून काढला, बघितला, परत गुंडाळला. पुस्तकांच्या गठ्ठ्याला हात लावला आणि मागे घेतला. मग नुसतीच बसून राहिली. ती पांढरी खोली बघता बघता थोरलीच्या पॅसेजसारखी दिसायला लागली होती.

"टाकलं नव्हतं गं," ती म्हणाली. "मला टाकता येत नाही. घरात असलं की ते माझ्याकडे बघत बसतं, आणि टाकायला गेलं की हात उठत नाही. मग वाटायचं, ताईकडे आहे म्हणजे आहे. टाकलेलं पण नाही आणि समोर पण नाही. तू कधी नाही म्हणाली नाहीस. मला वाटायचं, तुला हवं असतं."

"हवंच असायचं," थोरलीच्या तोंडून गेलं.

 इतकी वर्षं जी धाकटी हरलेली बघायची होती, ती समोर बसली होती, गुडघ्यांत मान घालून. थोरलीला वाटलं होतं त्याच्या निम्मंही बरं वाटेना. तरी थोडं वाटलं. नाही म्हटलं तर खोटं होईल.

टेबलाशी लेक वह्या गोळा करायला लागली. तिलाही आता बसायला जागा उरली नव्हती.

थोरलीने खाली बसून सुटकेस धाकटीच्या समोरून ओढून तिच्या पाठीमागे ठेवली. खुर्ची मागे. खोकी मागे. समोर एकच दिवा उभा केला. "मागे वळायचं नाही. हा बघ तेवढा. ठेवायचा की द्यायचा?"

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नाहीच. बाकीच्याकडे बघितलं की फाटतं."

धाकटीने बराच वेळ दिव्याकडे बघितलं. "ठेवते," ती म्हणाली. मग पेले आले. ते शेजारणीला द्यायचे ठरले. चाकांच्या बुटांना ती हसली आणि ते दाराबाहेर गेले. पुस्तकांशी ती रडली. पुस्तकं फडताळात गेली, त्या एकट्या वाडग्याशेजारी. मग आरसा. धाकटीने तो थोरलीकडे वळवला. "हा मात्र तूच ने, ताई. तुझ्याकडे शोभतो."

थोरलीचा हात सवयीने पुढे गेला. आरशात तिला तो पुढे येताना दिसला, आखूड बोटांचा, सुईने खरबरीत झालेला. तिने तो मागे घेतला.

"माझ्याकडे त्याच्या जागी खिडकी आहे," ती म्हणाली.

"खिडकी?" लेकीने मान वर केली. "आतल्या खोलीत?"

"टेबलाच्या बरोबर समोर. टेबलपण आहे. शाळेत होतीस तेव्हा होतं तेच."

लेकीने मावशीकडे बघितलं, मग वह्या पिशवीत भरल्या. "मी बघून येते," ती म्हणाली. राहायला जाते म्हणाली नाही, थोरलीने नीट ऐकलं.

दारात धाकटी म्हणाली, "आता ठेवायला काही नसताना यावं का मी तुझ्याकडे?"

"बसायला ये," थोरली म्हणाली. "हात हलवत ये. काही आणलंस तर जिन्यावरून परत पाठवीन."

गाडीत तिघं पुढेच दाटीवाटीने बसली. लेकीने वळून मावशीच्या खिडकीकडे बघितलं, तिथे पिवळा दिवा लागला होता, आणि थोरलीच्या पोटात सुई टोचली. दिवा तिथे खरंच चांगला दिसत होता.

"आई," लेक थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी आली तर तिला पुढच्या खोलीत बसव."

"का गं? आतल्या खोलीत ऊन चांगलं येतं. तिला आवडेल."

"ते माझं टेबल आहे," लेक म्हणाली.

तिच्या आवाजात एक बारीक धार होती. थोरलीने ती लगेच ओळखली. घरचीच होती. तिने नुसतं सरकून लेकीला आणखी थोडी जागा करून दिली.